जुनं निळं-पांढरं भांडं कुठलं, हे कळायला किती खर्च येतो?

या कामाचा खर्च शून्य रुपयांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत कितीही होऊ शकतो. तो किती होईल हे भांड्यापेक्षा तुम्ही कोणत्या क्रमानं जाता यावर जास्त ठरतं. घरात निळ्या नक्षीची पांढरी बशी किंवा सुरई सापडली की लोक आधी मोठी फी देऊन मत मागवतात, मग प्रयोगशाळेची चौकशी करतात, आणि बशी उलटी करून तिचं बूड नीट पाहणं राहूनच जातं. त्या बुडातच निम्म्याहून अधिक उत्तर असतं आणि ते फुकट मिळतं.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करून घ्या. भांडं कुठलं हा एक आणि कधीचं हा दुसरा. कुठलं हे डोळ्यांनी, बोटांनी आणि थोड्या वाचनानं बऱ्याच अंशी कळतं. कधीचं हे नक्की करायला अनुभवी माणूस लागतो, क्वचित यंत्रही लागतं, आणि खरा पैसा तिथंच जातो. पुष्कळ ग्राहक पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दुसऱ्या प्रश्नाचे पैसे मोजतात. हा लेख मुख्यतः ते पैसे वाचवण्यासाठी आहे.

हजार-दीड हजाराचं सामान

दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग साधारण ३०० ते ८०० रुपयांत मिळतं. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च ७०० ते १,५०० रुपयांना पडतो. तो लगेच घ्यायला हवा असं नाही. भांडं दुरुस्त केलेलं आहे अशी शंका आली तरच घ्या. बाकी मोबाइलचा टॉर्च, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि खिडकीतला दिवसाचा उजेड एवढं पुरतं.

भांडं कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा. बुडाशी जुनी माती किंवा डाग असतील तर ते खरवडू नका, त्यांत माहिती असते. पितळी किंवा लोखंडी टाके मारून जोडलेलं भांडं पाण्यात भिजत घालू नका. आपल्याकडे फुटलेली चिनी मातीची भांडी टाके मारून जोडून देणारे कारागीर असत. असे टाके दिसले तर निदान घरच्यांनी ते भांडं एकेकाळी जपलं होतं एवढं कळतं.

आधी युरोप बाजूला काढा

महाराष्ट्रातल्या घरांत जुनी म्हणून जपलेली निळी-पांढरी भांडी पाहिली तर त्यांतली बरीच आशियातली नसतात. ती इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधून किंवा हॉलंडच्या मास्त्रिख्तमधून आलेली असतात. ब्रिटिश काळात ती जहाजं भरभरून मुंबईत उतरली. म्हणून पहिली चाळणी युरोपची लावावी.

नक्षीवर भिंग धरा. छापलेल्या नक्षीत रेषा एकसारख्या जाडीच्या असतात, सावल्या बारीक ठिपक्यांनी किंवा समांतर रेघांनी केलेल्या असतात आणि काठाच्या नक्षीत कुठंतरी दोन तुकडे जुळवल्याचा सांधा सापडतो. नक्षी तांब्याच्या पत्र्यावर कोरून, पातळ कागदावर छापून तो कागद भांड्यावर चिकटवत, त्याचा हा सांधा. कुंचल्यानं रंगवलेल्या भांड्यात एकाच फटकाऱ्यात निळा रंग कुठं गडद तर कुठं विरळ होतो, आणि बाहेरची रेघ व आतला भरलेला रंग वेगळे ओळखू येतात.

आता काळोखात मोबाइलचा टॉर्च बशीच्या मागून लावा. खऱ्या पोर्सेलिनमधून उजेड झिरपतो. इंग्लंडच्या साध्या पांढऱ्या मातीच्या भांड्यातून तो येत नाही, आणि झिलईत बारीक जाळीसारख्या चिरा पडलेल्या असतात. मात्र यावरच निकाल देऊ नका. इंग्लिश बोन चायनामधून उजेड उत्तम येतो, आणि जाड बुडाच्या चिनी वाडग्यातून तो दिसतही नाही.

शिक्क्यांनी हे काम आणखी सोपं होतं. समभुज चौकोनाच्या आकाराचा नोंदणी शिक्का इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात वापरात होता. १८८४ पासून सरळ नोंदणी क्रमांक येऊ लागले. अमेरिकेनं १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव लिहिण्याची सक्ती केली, त्यामुळं रोमन अक्षरांत ‘इंग्लंड’, ‘चायना’ किंवा ‘निप्पॉन’ लिहिलेलं भांडं बहुधा त्यानंतरचं. १९२१ नंतर ‘निप्पॉन’ऐवजी ‘जपान’ आलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असं असेल तर ते १९४५ ते १९५२ मधलं. बसलेल्या स्फिंक्सचं चित्र आणि खाली मास्त्रिख्त असेल तर ते पेत्रुस रेगू यांच्या डच कारखान्याचं.

दोन पक्षी, पूल, पुलावरची तीन माणसं आणि लवलेलं झाड असलेली ‘विलो’ नक्षी दिसायला अगदी चिनी आहे, पण ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडली. पुढं जपाननंही ती छापली. ती नक्षी दिसली म्हणून चीन समजू नका. अशा छापील बशीला जुन्या बाजारात साधारण ५०० ते ३,००० रुपये मिळतात. तिच्यावर तज्ज्ञाची फी खर्च करण्यात अर्थ नाही. ती आनंदानं वापरा किंवा भिंतीवर लावा.

जयपूरची निळी भांडी आणि इराणची सफवी काळातली भांडीही या गर्दीत सापडतात. दोन्हींचं अंग गारगोटीच्या पुडीचं, मऊसर. उडालेल्या टवक्यात ते दाणेदार, साखरेसारखं दिसतं. पोर्सेलिनचा टवका काचेसारखा घट्ट आणि गुळगुळीत असतो.

बूड पाहताना

आता तुमच्या हातात कुंचल्यानं रंगवलेलं, उजेड झिरपणारं किंवा निदान घट्ट अंगाचं भांडं उरलं. ते मऊ कापडावर पालथं घाला आणि ज्या कड्यावर ते उभं राहतं ते बुडाचं कडं पाहा. तिथं झिलई नसते. कुंभारानं तिथं कसं कोरलं, भट्टीत भांडं कशावर ठेवलं, माती कुठली होती, हे सगळं त्या उघड्या भागावर उतरलेलं असतं. नक्षीची नक्कल कुणीही करतो, बुडाची नक्कल मात्र फार थोड्यांना साधते. वेळ घालवायचा असेल तर तो इथं घालवावा.

सर्वांत मोठी शक्यता चीनमधल्या जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेनची. चौदाव्या शतकापासून निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं हे सर्वांत मोठं केंद्र. ब्रिटिश म्युझियममधल्या प्रसिद्ध ‘डेव्हिड’ सुरयांवर १३५१ सालचा लेख आहे आणि त्या जिंगदेझेनच्याच. तिथली माती पांढरी, बारीक, घट्ट. झिलई जिथं संपते आणि उघडं अंग सुरू होतं तिथं बऱ्याचदा नारिंगी किंवा विटकरी रंगाची बारीक रेघ असते, कारण मातीतलं लोह भट्टी निवताना हवेशी मिळून तांबूस होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीची निर्यातीची भांडी, ज्यांना व्यापारी ‘क्राक’ म्हणतात, अंगानं पातळ असतात. त्यांच्या काठावर झिलई उडून बारीक खाचा पडलेल्या दिसतात, नक्षी कप्प्याकप्प्यांत विभागलेली असते आणि बुडावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या कोरणीच्या बारीक रेघा असतात. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं ‘सांता कातारिना’ जहाज पकडलं आणि त्यातला चिनी माल नंतर ॲमस्टरडॅममध्ये विकला. उत्तर युरोपात या भांड्यांची ओढ लागली ती तेव्हापासून.

कड्याला जाड वाळू चिकटलेली असेल, अंग जड असेल आणि नक्षी भराभर, जोरकस हातानं काढलेली असेल, तर भांडं जिंगदेझेनचं नसून दक्षिणेच्या फुजिआन प्रांतातल्या झांगझोऊचं असण्याची शक्यता मोठी. तिथं भट्टीत भांड्याखाली वाळू पसरत. हा माल आग्नेय आशियात फार गेला. दुकानदार त्याला अजून ‘स्वातॉव’ म्हणतात. मला स्वतःला ही भांडी फार आवडतात. त्यांत दरबारी नेटकेपणा नाही, पण कारागिराच्या हाताचा वेग त्यांत जसाच्या तसा दिसतो.

जपानचं पोर्सेलिन सतराव्या शतकाच्या सुरुवातीला क्यूशू बेटावरच्या आरिता गावात सुरू झालं आणि जवळच्या इमारी बंदरातून बाहेर गेलं. मिंग राजवट कोसळताना चीनमधला पुरवठा तुटला, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६५९ मध्ये आरिताकडे मोठी मागणी नोंदवली. जपानी थाळीची सर्वांत सोपी खूण म्हणजे बुडाच्या आतल्या झिलईदार भागावर तीन, चार किंवा पाच बारीक खडबडीत ठिपके. मोठ्या थाळीचं बूड भट्टीत खाली खचू नये म्हणून तिला मातीच्या छोट्या सुळक्यांचा आधार देत. सुळके तोडल्यावर त्यांचे वण राहतात. चिनी थाळ्यांत असे वण सहसा दिसत नाहीत. मात्र लहान वाडग्यांना आधार लागत नसे, म्हणून वण नाहीत यावरून जपान वगळू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, जपाननं कापलेल्या कागदी साच्यातून आणि नंतर तांब्याच्या ठशातून नक्षी छापलेला स्वस्त माल भरपूर काढला. त्यात निळा रंग झगझगीत असतो, ठिपक्याठिपक्यांची नक्षी असते आणि तुकडे नीट जुळलेले नसतात. पाठीवर ‘दाई निप्पॉन’ ही जपानी अक्षरं असतील तर भांडं बहुधा याच काळातलं.

व्हिएतनामचं भांडं हातात आलं तर ते वजनानं आणि रंगानं वेगळं जाणवतं. अंग करडट पांढरं, पोर्सेलिनपेक्षा दगडी भांड्याच्या जवळचं, निळा रंग कधी काळपट. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पुष्कळ तुकड्यांच्या बुडावर चॉकलेटी रंगाचा हात फिरवलेला असतो. तिथलं मोठं केंद्र पूर्वीच्या हाय झुओंग प्रांतातलं चू दाऊ. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात १४५० सालचा लेख असलेली व्हिएतनामी सुरई आहे. कोरियाची जोसन काळातली भांडी आपल्याकडच्या बाजारात क्वचितच येतात. पसरट मोकळी जागा, थोडीशीच नक्षी आणि निळसर झाक हे त्यांचं रूप.

वाडग्याच्या आतल्या तळावर झिलई नसलेलं गोल कडं असेल तर ती भांडी भट्टीत एकावर एक रचली होती. ही पद्धत स्वस्त मालाची. फुजिआन, ग्वांगडोंग आणि व्हिएतनाम सगळीकडे होती. १८२२ मध्ये बुडालेल्या ‘तेक सिंग’ या चिनी जहाजातून काढलेली लाखो भांडी मुख्यतः अशाच रोजच्या वापराच्या जातीची, फुजिआनमधल्या देहुआ भागातली होती. २००० साली त्यांचा जर्मनीत लिलाव झाला.

राजाचं नाव वाचून हुरळू नका

बुडावर निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं दोन ओळींत असतील तर ती उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचतात. महान मिंग किंवा महान चिंग, मग राजाच्या कारकिर्दीचं नाव, मग ‘काळात बनवलं’. मोबाइलच्या भाषांतर-ॲपचा कॅमेरा धरला तर बऱ्याचदा अक्षरं फुकटात लागतात. पण ती लागली म्हणून काळ लागला असं होत नाही. छेंगहुआ राजाची कारकीर्द १४६५ ते १४८७, पण त्याचं नाव सतराव्या-अठराव्या शतकातल्या चिनी भांड्यांवर आणि जपानी भांड्यांवरही सर्रास आढळतं. जुन्याविषयीचा आदर म्हणून कारागीर ते घालत. कांगशी राजाची कारकीर्द १६६२ ते १७२२. चार अक्षरांत त्याचं नाव असलेला बराचसा माल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा आहे. उलट कांगशीच्या खऱ्या काळात, १६७७ मध्ये, जिंगदेझेनच्या अधिकाऱ्यानं भांड्यांवर राजाचं नाव घालण्यास मनाई केली होती. म्हणून त्या वेळच्या अनेक उत्तम भांड्यांवर दोन निळ्या वर्तुळांच्या आत काहीच नाही, किंवा एखादं पान काढलेलं आहे. त्यामुळं रिकाम्या वर्तुळांचं भांडं नाव नाही म्हणून बाजूला टाकू नका.

आजही जिंगदेझेनमध्ये जुन्याच्या हुबेहूब नकला होतात. झिलईची चमक आम्लानं मारतात, बुडाला चहाचं पाणी किंवा माती चोळतात. भिंगाखाली पाहिलं तर खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना, कमी-जास्त खोलीचे आणि मळ बसलेले असतात. पॉलिश पेपरनं काढलेले ओरखडे एकाच दिशेला जातात. बुडाचा मळ सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर संशय घ्या.

आपल्या मुलखात काय मिळण्यासारखं आहे

चीनची ही भांडी भारतात फार आधीपासून येत होती. दिल्लीच्या फिरोजशहा कोटला परिसरात १९६१ साली युआन काळातल्या, म्हणजे चौदाव्या शतकातल्या, निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा साठा सापडला. चौल आणि जुनं गोवं इथं चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. पोर्तुगीजांची मकाव ते लिस्बन ही वाट गोव्यावरून जात असल्यामुळं गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांकडे खरी चिनी भांडी असण्याची शक्यता महाराष्ट्रातल्या सामान्य घरापेक्षा जास्त; चांदर इथल्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात ती आजही आहेत. मुंबईत हीच गोष्ट कँटनशी व्यापार केलेल्या पारशी कुटुंबांची.

म्हणून भांड्याआधी घराण्याची कागदपत्रं शोधा. खरेदीची पावती, वाटणीपत्रातली नोंद, लग्नाच्या जुन्या छायाचित्रात मागच्या कपाटात दिसणारी सुरई, चीनला गेलेल्या पणजोबांचं पत्र, यांतलं काहीही सापडलं तर ते फोटोंसोबत ठेवा. याला शून्य रुपये लागतात आणि विक्रीच्या वेळी याचं मोल कुठल्याही प्रमाणपत्राहून जास्त ठरू शकतं.

किनाऱ्यावर किंवा किल्ल्यात सापडलेले तुकडे मात्र घरी आणू नका. संरक्षित स्मारकातून वस्तू उचलणं गुन्हा आहे. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू मिळाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि त्या कायद्यातली किमतीची मर्यादा अवघी १० रुपये आहे.

डोळा तयार करायला संग्रहालयाचं तिकीट हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला खर्च. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी-जपानी भांडी आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं चिनी आणि जपानी दालनही पाहण्यासारखं. कपाटासमोर गुडघ्यावर बसून बुडाची कड पाहा; वरून नक्षी पाहून पुढं जाऊ नका. ब्रिटिश म्युझियम, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांच्या संग्रहांची छायाचित्रं घरबसल्या फुकट पाहता येतात, आणि पुष्कळ वस्तूंच्या बुडाचेही फोटो त्यांत असतात.

तज्ज्ञाचं मत: फुकट ते पाच हजार

एवढं करूनही भांडं रंगवलेलं, आशियातलं आणि जुनं वाटत असेल तरच पुढचा खर्च करा. त्यातही आधी फुकटचा मार्ग. क्रिस्टीज, सदबीज, बोनहॅम्स ही मोठी लिलावगृहं फोटो पाठवल्यावर लिलावातल्या किमतीचा अंदाज फुकट देतात. त्यांचा स्वार्थ उघड आहे, त्यांना माल हवा असतो. म्हणूनच त्यांचा नकारही उपयोगी पडतो: त्यांनी रस दाखवला नाही तर भांडं बहुधा मोठ्या किमतीचं नाही. उत्तर यायला काही आठवडे लागू शकतात.

इंटरनेटवरून पैसे घेऊन लेखी मत देणाऱ्या सेवा साधारण २० ते ५० डॉलर, म्हणजे दोन ते पाच हजार रुपयांच्या आत-बाहेर घेतात. घरी येऊन पाहणाऱ्या जाणकाराची फी गावाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलते. त्याच्या बाबतीत दोन अटी पाळा. फी आधी ठरलेली असावी, किमतीच्या टक्क्यांत नसावी, कारण टक्केवारीवर काम करणाऱ्याला आकडा फुगवण्यात फायदा असतो. आणि जो मत देतो त्यालाच त्याच दिवशी भांडं विकू नका.

फोटो चांगले असतील तर फुकटचं मतही नेमकं मिळतं. दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, साध्या पार्श्वभूमीवर काढा. समोरून, बाजूनं, पूर्ण पाठ, बुडाच्या कड्याचा अगदी जवळून, शिक्का, नक्षीचा भिंगातून दिसणारा भाग आणि प्रत्येक तडा. सोबत व्यास, उंची मिलिमीटरमध्ये आणि वजन लिहा. तडे लपवू नका. अतिनील टॉर्च मारल्यावर एखादा भाग वेगळ्याच रंगानं चमकला तर तिथं राळ किंवा नवा रंग आहे, तेही लिहा.

प्रयोगशाळा: बहुतेकांना गरज नाही

कार्बन-१४ ची चाचणी भाजलेल्या पोर्सेलिनवर चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. तशी चाचणी करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. भाजलेल्या मातीसाठी आहे ती थर्मोल्युमिनेसन्स चाचणी. भांडं शेवटचं भट्टीत कधी गेलं याचा अंदाज ती देते. त्यासाठी पोर्सेलिनच्या बुडातून ड्रिलनं बारीक नमुना काढावा लागतो, म्हणजे भांड्याला कायमचं भोक पडतं. परदेशी प्रयोगशाळा एका वस्तूचे काही शे पौंड घेतात. विमा आणि वाहतूक धरली तर खर्च पन्नास-साठ हजार रुपयांपर्यंत जातो. एवढं करून भांडं कुठलं हे कळत नाहीच. शिवाय क्ष-किरणांमुळं निकालात फरक पडू शकतो, आणि लबाड विक्रेते याचा फायदा घेऊन नव्या भांड्यावर मुद्दाम किरण सोडतात.

भोक न पाडता होणारी चाचणी म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्ती. ती निळ्या रंगातल्या कोबाल्टची जात सांगते. सुरुवातीच्या काळात पश्चिम आशियातून आलेल्या कोबाल्टमध्ये लोह जास्त आणि मँगनीज कमी असे. चीनमधल्या स्थानिक कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात शुद्ध केलेलं कोबाल्ट आलं. पंधराव्या शतकाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सुरईत असं शुद्ध कोबाल्ट निघालं तर निकाल लागला. पण चाचणी अनुकूल आली म्हणून भांडं खरं ठरत नाही, कारण जुन्या जातीचं कोबाल्ट आजही मिळवता येतं. माझं मत स्पष्ट आहे: भांड्याची किंमत निदान पाच लाखांच्या घरात जाईल असं दोन वेगवेगळ्या जाणकारांनी सांगितल्याशिवाय प्रयोगशाळेकडे वळूच नये.

कायदा पाळण्याचा आणि मोडण्याचा खर्च

पुराणवस्तू आणि कलासंपदा कायदा १९७२ चा असून ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात येते, मग ती चीनमध्ये घडलेली असो वा इंग्लंडमध्ये. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. न्यू जर्सीला किंवा लंडनला राहणाऱ्या मुलांकडे जाताना आजीच्या बशा सामानात घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. शंभर वर्षांची रेषा दरवर्षी पुढं सरकते. १९२० च्या दशकातली ‘जपान’ शिक्क्याची बशीही आता तिच्या आत येऊ लागली आहे. वस्तू त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुराणवस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि प्रवासाच्या पुष्कळ आधी अर्ज करा. परदेशी प्रयोगशाळेत चाचणीसाठी भांडं पाठवण्याचा विचारही याच कारणानं आधी तपासून घ्यावा लागतो.

देशात विकण्याला बंदी नाही, पण पुराणवस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. दुकानदाराकडे तो आहे का, हे विचारा आणि रीतसर बिल घ्या.

विकायचं ठरलं तर हातात किती

भारतातून जुनं भांडं बाहेर जात नसल्यामुळं परदेशी लिलावातले आकडे इथं लागू पडत नाहीत. २००५ मध्ये लंडनला युआन काळातली एक बरणी १ कोटी ५६ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. अमेरिकेत ३५ डॉलरला घेतलेला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक वाडगा २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ७,२१,८०० डॉलरला विकला गेला. हे खरं आहे, पण रोजच्या बाजाराशी त्याचा संबंध नाही. परदेशात अठराव्या शतकातली साधी निर्यातीची चिनी बशी साधारण ८० ते २५० पौंडांत मिळते, तडा असेल तर निम्म्याला. एकोणिसाव्या शतकातला जाडाभरडा वाडगा आपल्याकडे दोन ते दहा हजारांत जातो. हे अंदाज आहेत. अवस्था आणि कागदपत्रांप्रमाणे ते दुप्पट किंवा निम्मे होतात.

समजा, मुंबईतल्या लिलावात तुमच्या थाळीवर एक लाखाला हातोडा पडला. दहा ते पंधरा टक्के विक्रेत्याचं कमिशन, वर फोटो, विमा आणि वाहतूक. तुमच्या हातात ऐंशी हजारांच्या आसपास येतात. खरेदीदार मात्र लिलावगृहाच्या प्रीमियमसकट आणि करासकट सव्वा लाखाच्या पुढं मोजतो. घरातली जुनी वस्तू म्हणून प्राप्तिकर सुटतो असं समजू नका; कलावस्तू वैयक्तिक वापराच्या सवलतीत धरली जात नाही, त्यामुळं भांडवली नफ्याचा हिशेब आधी सनदी लेखापालाकडून करून घ्या.

विकायचं नसेल तर एकच खर्च उरतो, विम्याचा. घराच्या साध्या पॉलिसीत पुराणवस्तू आपोआप येत नाहीत. त्या वेगळ्या नोंदवाव्या लागतात आणि त्यासाठी मूल्यांकनाचा लेखी कागद मागतात. तडा गेलेलं चांगलं भांडं घरी चिकटवू नका. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र किंवा इंटॅकची संवर्धन केंद्रं यांच्याकडे आधी विचारा, लेखी अंदाजपत्रक घ्या, आणि केलेली दुरुस्ती पुन्हा सुटी करता येईल ना, हे त्यात लिहून मागा.